एका ‘नाही’चा हिशेब

“नाही. आत्ता यायचं नाही. आईंना त्रास होतो.”

एवढं बोलून वहिनींनी फोन ठेवला. त्यानंतर नऊ दिवसांनी आई गेली. मी पोचले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. शेजारच्या दोघींबरोबर तिचं अंग पुसलं, कपडे बदलले, केस विंचरले. लेक म्हणून तेवढीच सेवा माझ्या वाट्याला आली. त्या दिवसापासून मी वहिनींशी बोलले नाही. पुढे दादा गेला, तेव्हाही कबरेपाशी उभी राहिले आणि त्यांच्याकडे न बघता परत फिरले. अशी अकरा वर्षं.

या अकरा वर्षांत मी क्वचितच एखादा रविवार चुकवला असेल. उपासनेला जात होते, प्रभुभोजन घेत होते, बायकांच्या प्रार्थनासभेत वचनावर बोलत होते. ख्रिस्ताच्या प्रीतीवर माझा विश्वास आहे असं मी मनापासून म्हटलं असतं, आणि तो होताच. फक्त वहिनींचं नाव निघालं की माझा आवाज बदलायचा. तो बदलतो हे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याचं काम केलं आहे. नावे काय, जमा काय, हे मला झोपेतही विचारा. वहिनींच्या नावेही सगळं तारीखवार मांडलेलं होतं, कागदावर नव्हे, मनात. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्या आल्या नाहीत ती तारीख. आईचं जुनं पवित्र शास्त्र मी दोनदा मागूनही त्यांनी दिलं नाही ते महिने. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात, तो फोन. यातली एकही नोंद खोटी नव्हती. आजही नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते माझा गैरसमज दूर झाल्यामुळे घडलेलं नाही.

सुरुवात एका शब्दाने झाली. आमच्या पाळकांनी अभ्यासवर्गात नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र घेतलं होतं. तेरावा अध्याय आला तेव्हा मी लिहायची वहीसुद्धा उघडली नाही. तो अध्याय इतक्यांदा ऐकलेला की पाठ होता. पाचव्या वचनात प्रीती ‘अपकार स्मरत नाही’ असं म्हटलं आहे. पाळक म्हणाले, इथे मूळ ग्रीकमध्ये ‘लोगिझेताई’ हे क्रियापद आहे आणि ते हिशेबाच्या व्यवहारात वापरलं जायचं. मोजणं, गणणं, कुणाच्या तरी खात्यावर मांडणं. म्हणजे पौलाने विस्मरण मागितलेलं नाही. आठवलं तरी ते त्या माणसाच्या नावे मांडायचं नाही, असं तो म्हणतो.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. शब्द माझ्या धंद्यातला निघाला होता.

मग त्यांनी दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय उघडायला लावला. एकोणिसाव्या वचनात तेच क्रियापद परत येतं. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता आणि लोकांचे अपराध त्यांच्याकडे मोजत नव्हता. पाळक पुढे बरंच बोलले, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. प्रीती जे करत नाही म्हणून पौल लिहितो, ते आधी देवाने माझ्या बाबतीत केलं नाही. माझ्या नावे काहीच मांडलेलं नाही, आणि त्या कोऱ्या पानावर बसून मी दुसऱ्याचं पान भरत होते.

त्या रात्री मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो कर्जदार चाकर काढला आणि सवयीने आकडेमोड केली. मालकाचं देणं दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. हे सगळं माफ झालेला माणूस बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. आता शंभर दीनार म्हणजे काही थोडे नव्हेत. तीन-चार महिन्यांची कमाई आहे. प्रभूने ती रक्कम चिल्लर ठेवलेली नाही, याचं मला त्या रात्री मोठं समाधान वाटलं. माझं दुःख खरं होतं, हे त्याने मान्य केल्यासारखं वाटलं. तरीही शेजारचा आकडा तिच्या सहा लाख पट होता.

मी गुडघे टेकून मोठ्याने म्हटलं, “प्रभू, मी वहिनींना क्षमा केली.” हलकं वाटलं. चार दिवसांनी कुणीतरी सहज म्हणालं की वहिनी आता अगदी एकट्या पडल्यात, आणि माझ्या मनात आलं: बरं झालं. एका क्षणात, मागचापुढचा विचार न करता. मी पुन्हा क्षमा केली. पुन्हा तेच. असं तीनदा झाल्यावर मी मंडळीतल्या एका वृद्ध बाईंकडे गेले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं आणि त्याबद्दल त्या बोलत नसत, म्हणून त्यांच्याकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाळ, तू क्षमा जाहीर करतेस. न्यायाधीशासारखी. वरून खाली. तिच्यासाठी काही मागितलंस का कधी?”

“काय मागू?”

“ते तुलाच शोधावं लागेल. आणि त्या गोष्टीबद्दल अक्षर काढायचं नाही. तिला बरं काय होईल, एवढंच.”

पहिल्या रात्री मी मागितलं, “त्यांना त्यांची चूक कळू दे.” दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ही प्रार्थना नव्हे, फिर्याद आहे.” मग कितीतरी रात्री मी नुसतं नाव घेऊन गप्प बसायची. वहिनींचं नाव प्रार्थनेत उच्चारायला जीभ वळत नसे, इतकं ते तोंडात जड होतं.

पण मागायचं म्हणजे गरज माहीत हवी. आणि गरज माहीत व्हायला त्या माणसाच्या दिवसाकडे बघावं लागतं. वहिनी सकाळी उठत असतील, दादाच्या बाजूचा पलंग रिकामा असेल. गुडघे दुखतात असं कधीतरी ऐकलं होतं. मग जिना कसा चढत असतील? मुलगा दूर देशी नोकरीला. रात्री घरात काही वाजलं तर? मी झोप मागायला लागले त्यांच्यासाठी, गुडघ्यांना आराम मागायला लागले. महिने गेले. माझ्या मनात माया वगैरे काही दाटून आली नाही. एवढंच झालं की अकरा वर्षं माझ्या डोक्यात त्या बाईला एकच वाक्य होतं आणि एकच चेहरा होता, फोन ठेवणारा. तिला आता हळूहळू सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळू लागली.

भाच्याचा फोन आला तो असा एका पहाटे. “आत्या, आई पडली. बोलता येत नाहीये तिला. मी निघतोय, पण पोचायला दोन दिवस लागतील.”

मी बॅग भरली. लोकांना नंतर वाटलं की मी प्रेमापोटी गेले. तसं नव्हतं. मी गेले कारण सहा-सात महिने ज्या माणसासाठी रोज मागितलं, त्याच्यासाठी आपल्याकडे मागणी आली तर ‘नाही’ म्हणायला तोंड उरत नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती भगिनींना समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करताना पाहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं की या बायकांची काळजी घ्यावी असं तुम्हाला कशामुळे वाटतं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, ख्रिस्ताने जिला दूर लोटलं नाही त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्याच रमाबाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी कित्येक वर्षं लागली. मला या दुसऱ्या वाक्याचा फार आधार वाटतो. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईलाही वेळ लागला. आणि प्रीती आधी हातांना येते, मनाला मागाहून, याचा अनुभव मी पुढच्या तीन महिन्यांत घेतला.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला होता, त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय गेलेला. वाचाही डाव्या बाजूलाच असते बहुतेकांची, तीही गेली. भाचा दहा दिवस राहिला, दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, आणि त्याला परत जावं लागलं. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला उचललं आणि दार लावून घेतलं. घरात आम्ही दोघी.

वहिनींचा पलंग त्याच खोलीत लावला होता जिथे आई गेली. खिडकी तीच, भिंतीवरचा क्रूस तोच. मी पहिल्या रात्री उंबऱ्याशी थबकले. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो, आणि त्यासाठी असलेला ग्रीक शब्द नव्या करारात त्या दोनच ठिकाणी आहे. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र या शिष्याने शेकत शेकत प्रभूला नाकारलं, आणि एकदा समुद्रकाठी, जिथे उठलेल्या प्रभूने त्याच्यासाठी न्याहारी तयार ठेवली आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असं तीनदा विचारलं. तोच धूर, तोच वास. पेत्राला त्या वासातून पळ काढता आला नाही. मला ते उंबऱ्यावर आठवलं आणि मी आत गेले.

पहिले काही आठवडे म्हणजे नुसती कामं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात. गेलेल्या बाजूचा खांदा ओढायचा नाही, तो सहज निखळतो. भरवताना पूर्ण ताठ बसवायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पातळ पाण्यानेच जास्त ठसका लागतो, म्हणून पाणीही घट्ट करून चमच्याने. खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची. हे मला फिजिओथेरपिस्टने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मी एकटीने केलं.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने चमचा उडवला. गरम होतं, माझ्या मनगटावर सांडलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला स्पष्ट आठवतं, मी म्हणाले, “अजूनही तशाच आहात तुम्ही.” एका असहाय बाईला, जिला उत्तर देता येत नाही. मग वाटी तिथेच ठेवून मी बाहेर गेले. वीस मिनिटं मी पायरीवर बसून होते आणि आतून एक शब्दही ऐकू आला नाही. सगळा जुना हिशेब व्याजासकट उघडा होता माझ्यापुढे. सहा-सात महिन्यांच्या प्रार्थनेने काय साधलं, असं वाटलं. मला त्या पायरीवर एकच प्रार्थना सुचली: “माझ्याकडे नाही. तू दे.” पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की देवाची प्रीती पवित्र आत्म्याद्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. ओतायचं तर भांडं रिकामं लागतं, आणि माझं त्या दुपारी अगदी तळापर्यंत रिकामं झालं होतं. उठून आत गेले. त्यांच्या गळ्याशी सांडलेलं पुसलं. “चुकलं माझं, वहिनी,” म्हटलं. अकरा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा ‘वहिनी’ अशी हाक मारली ती तेव्हा.

त्या म्हणाल्या, “नाही.”

तो त्यांचा पहिला शब्द. आणि पुढे कितीतरी आठवडे एकमेव. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं की अशा आजारात पुष्कळदा एकच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. ‘हो’ म्हणायचं असतं, ओठांवर ‘नाही’ येतं. माणसाला आत बरंच समजत असतं. शब्दाकडे पाहू नका, सुराकडे पाहा.

सगळ्या शब्दांतून नेमका तोच शब्द उरावा! ज्या एका ‘नाही’वर मी अकरा वर्षं काढली, तो मला दिवसातून शंभरदा ऐकावा लागला, आणि त्यात ‘हो’ आहे का हे प्रत्येक वेळी शोधावं लागलं. पाणी हवंय? नाही. म्हणजे हवंय. खिडकी लावू? नाही! म्हणजे खरंच नको. लांबवलेला, खाली उतरणारा असेल तर होकार. तुटक असेल तर नकार. दोनदा पाठोपाठ असेल तर दुखतंय कुठेतरी. मी शिकले. कुणाचं बोलणं इतकं जीव लावून मी माझ्या स्वतःच्या मुलीचंही ऐकलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता माझ्याकडून काय झालं ते मला कळलंच नाही. एका सकाळी त्यांना जरा उशिरा जाग आली तर माझा जीव खालीवर झाला. त्यांनी डोळे उघडले आणि मी म्हटलं, “आलात का!” तेव्हा माझाच आवाज मला ऐकू आला. तो बदललेला नव्हता. म्हणजे, बदललेला होता.

एका रात्री कूस बदलताना माझी कंबर धरली. भिंतीला टेकून उभी राहिले आणि अचानक आईची पाठ डोळ्यांपुढे आली. तिचं अंग पुसताना मी ती पाहिली होती. सात महिने अंथरुणावर होती ती. पाठीवर, टाचांवर, कुठेही एक ओरखडा नव्हता. त्या दिवशी मी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ मला लागला नाही, कारण तो लागायला दर दोन तासांनी एक जड शरीर स्वतःच्या हातांनी वळवावं लागतं. सात महिने. त्याच खोलीत. एकटीने, कारण दादा कामावर आणि मी, मी त्या सात महिन्यांत चारदा आले होते. चारही तारखा मला पाठ आहेत.

दुहेरी नोंदीत प्रत्येक नावेला समोर जमा असतेच. हिशेबाचा पहिला धडा. माझ्या मनातल्या त्या खात्याला जमेची बाजूच नव्हती. आईची पाठ त्यात कुठेही लिहिलेली नव्हती. तो फोन त्यामुळे बरोबर ठरत नाही. लेकीला आईपाशी येऊ द्यायला हवं होतं. पण मला तेव्हा हेही दिसलं की जमेची बाजू भरून खातं बरोबर केलं म्हणून सुटका होणार नाही. मग मी आयुष्यभर नवे आकडे मांडत बसेन, त्यांनी इतकं केलं, मी इतकं केलं. पौल फिलेमोनाला लिहितो की तुझ्या अनेसिम या दासाने तुझं काही नुकसान केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. खातं बरोबर करायची पौलाची रीत ही. कुणीतरी तिसरा मध्ये येतो आणि म्हणतो, माझ्यावर घाल. त्या तिसऱ्यावर वहिनींचं देणं टाकायला मी तयार होते. माझं स्वतःचंही टाकायला हवं, हे त्या भिंतीपाशी उमगलं.

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण माझं हे अनुभवकथन कुणीतरी चुकीच्या ठिकाणी वापरेल अशी मला भीती वाटते. वहिनींनी मला दुखावलं, पण त्यांच्यापासून माझ्या जिवाला कधी धोका नव्हता. जिला घरात मार बसतो तिला ‘प्रीती अपकार स्मरत नाही’ म्हणून परत त्या दारात उभं करणं हे पाप आहे. त्याच अध्यायात पुढच्याच वचनात लिहिलं आहे की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्याच्या बाजूने आनंद मानते. सूडाचं खातं बंद करता येतं आणि दारही बंद ठेवता येतं. हे मंडळीत मोठ्याने बोललं जात नाही, म्हणून लिहिलं.

आईचं पवित्र शास्त्र वहिनींच्या उशाशी होतं. कडा झिजलेल्या, पानं पिवळी. रोज संध्याकाळी मी त्यातून एखादं स्तोत्र वाचायची आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायची. दुसरा महिना सरत आला होता. “हे आमच्या स्वर्गातील पित्या” असं म्हटलं आणि पलंगावरून दुसरा आवाज आला. अडखळत, पण शब्दागणिक बरोबर. मी दचकून थांबले तर त्याही थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, त्या पुन्हा बरोबर आल्या. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्या “तुझे नाव पवित्र मानले जावो” म्हणत होत्या. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की यात नवल नाही. लहानपणापासून पाठ असलेलं, लयीत घोटलेलं पुष्कळांचं शाबूत राहतं, मोजणी, गाणी, प्रार्थना. बोलणं जुळवावं लागतं, पाठ केलेलं आपोआप वाहतं. मी समजून घेतलं. पण त्या संध्याकाळी मला नवलच वाटलं आणि अजूनही वाटतं.

मग ती ओळ आली. मराठीत ती अशी आहे: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” ग्रीकमध्ये मागणं आधी आणि ‘जसे आम्ही’ नंतर आहे. आपल्या मराठीने क्रम उलटा केला, त्यामुळे आपल्या जिभेला आधी कबूल करावं लागतं की सोडलं आहे, आणि मगच मागता येतं. मत्तयात ‘ऋण’ हाच शब्द आहे, लूकच्या पाठात ‘पापे’ आहे. हजारो वेळा म्हटलेली ओळ. मी “जसे आम्ही” पर्यंत आले आणि गळा दाटला, पुढे जाता येईना. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांना थांबता येतच नव्हतं, वाहतं तसं वाहत होतं. “आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे,” त्यांनी एकटीने म्हटलं. डोळे माझ्याकडे होते. “तशी तू आमची ऋणे,” आणि इथे मी मिळाले, “आम्हांस सोड.”

त्या रविवारी पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. मी गेले काही महिने मंडळीत ते घेणं बंद केलं होतं. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने सांगितलंय, आणि माझ्याकडून ते ओलांडून हात पुढे होत नव्हता. पाळकांनी भाकर मोडली. वहिनींचा तुकडा मी मऊ करून त्यांच्या जिभेवर ठेवला, हनुवटी खाली धरून, गिळेपर्यंत वाट पाहून. मग माझा घेतला.

तरी एक बोलायचं राहिलं होतं, आणि न बोलता सोडलेलं मला खोटं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात एका रात्री, कूस बदलायच्या थोडं आधी, त्या जाग्या होत्या म्हणून मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, “वहिनी, आईच्या वेळी तुम्ही मला येऊ दिलं नाहीत. मला फार लागलं ते. अकरा वर्षं धरून बसले. आता सोडलंय.” त्या बघत होत्या. “आणि मी तुम्हाला सात महिने एकटं टाकलं. चारदा आले फक्त. नंतर दादा गेला तेव्हाही. मला क्षमा कराल?”

“नाही,” त्या म्हणाल्या. मग, “नाही, नाही.” मी त्यांचे सगळे सूर ओळखत होते, पण हा मी ऐकलेला नव्हता. डावा हात उचलला, हवेत जरा चाचपडला आणि माझ्या डोक्यावर आला. जड. केसांत बोटं अडकली, त्यांनी ती सोडवली नाहीत. आम्ही तशाच बसून राहिलो.

घड्याळात दोन वाजले. मी उठले, त्यांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले, आणि त्यांना खिडकीच्या बाजूला वळवलं.